ढिगाचा ताप

भट्टीवरचे लोक तिला तोंडावर ताई म्हणत आणि पाठीमागे डॉक्टरीणबाई. तिचं कामच तसं होतं. रोज सकाळी सातला ती छपरीतून लांबलचक पोकळ सळई काढायची, खांद्यावर टाकायची, मागच्या आवारात जायची आणि लाकडाच्या ढलप्यांच्या ढिगात ती सळई खुपसायची. सळईच्या टोकाला तापमापक होता. ढिगाच्या पोटात ताप किती, तो आकडा वहीत उतरवायचा आणि पुढच्या खुणेपाशी जायचं. ढिगाभोवती अशा चोवीस खुणा होत्या. एक फेरी पुरी व्हायला दोन तास लागत, आणि त्या दोन तासांत तिच्याशी कुणी गप्पा मारायला गेलं तर हात हलवत परत यायचं.

ही भट्टी गावाला ऊब पुरवायची. थंडी तिथे पाच-पाच महिने हलायची नाही. जंगलात झाडं तोडली की चांगले सोट कारखान्याला जात; फांद्या, शेंडे, साली, वाकडीतिकडी खोडं मागे उरत. ते सगळं ट्रकमध्ये भरून इथे यायचं, यंत्रात घालून त्याच्या बोटभर ढलप्या व्हायच्या, आणि त्या जाळून तापवलेलं पाणी नळांतून घराघरांत, शाळेत, इस्पितळात फिरायचं. त्याआधी तिथे कोळसा जळायचा. दोरीवरचे कपडे धुण्याआधीपेक्षा मळके होऊन घरात यायचे, आणि तिची आई त्याच धुरात खोकून खोकून गेली. त्यामुळे या कामाचा तिला अभिमान होता. "पूर्वी हेच जंगलात पेटवून द्यायचे," ती नव्या माणसांना सांगायची. "उरलंसुरलं म्हणून. आता बघा, त्यावर अख्खं गाव अंघोळ करतं."

ती जंगलाच्या कडेला वाढलेली. बाप तोडीच्या टोळीत होता. सात-आठ वर्षांची असताना एकदा बापाने तिचा हात धरून परसातल्या ओल्या गवताच्या ढिगात कोपरापर्यंत घातला होता. ती किंचाळलीच. आत चुलीवरच्या भांड्यासारखं गरम होतं. "याला कुणी काडी लावली नाही," बाप म्हणाला होता. "ओलं गवत आपलं आपण तापतं. लाकूडही तसंच." तेव्हापासून कसलाही ढीग दिसला की तिला त्यावर हात ठेवून पाहायची खोड लागली. बाजारात बटाट्यांच्या ढिगावरही ती तळवा टेकवायची आणि नवरा म्हणायचा, "झाला का पेशंट तपासून? मग अर्धा किलो घे."

नवरा करवत चालवायचा. पंचवीस वर्षं हातात थरथरतं यंत्र धरल्यामुळे त्याच्या बोटांतली जाण गेली होती. आता तो घरीच असे, सदऱ्याची बटणं तिच्याकडून लावून घेई आणि वर तिचीच थट्टा करी. मूलबाळ नव्हतं. पण आई गेली तेव्हा धाकटा भाऊ सहा वर्षांचा होता. त्याला तिनेच वाढवलं. आता तो चाळिशीचा बाप्या झाला होता, त्याच भट्टीवर लोडर चालवत होता, आणि तरीही डबा ताईच्या हातचाच न्यायचा. त्याची बायको कुरकुरायची, पण तिलाही ते सोयीचंच होतं.

भाऊ म्हणजे आवारातला रेडिओ. लोडरच्या खिडकीतून डोकं काढून तो येणाऱ्याजाणाऱ्याची फिरकी घ्यायचा. ताई सळई घेऊन निघाली की ओरडायचा, "डॉक्टरीणबाई, पेशंटला आज पथ्य काय?"

"तुझं तोंड बंद ठेवणं," ती म्हणायची.

तिला हे काम शिकवलं ते म्हाताऱ्या मुकादमाने. त्याचे नियम चार. ढीग दोन माणसांच्या उंचीपेक्षा वर न्यायचा नाही. ओलं नि सुकं एकत्र करायचं नाही. आधी आलेलं आधी जाळायचं. आणि लोडर ढिगावर चढवून तो दाबायचा नाही, कारण दाबला की आतली वाफ कोंडते. "साठच्या वर आकडा गेला की उपसायचा," तो म्हणायचा. "साहेबाला विचारत बसायचं नाही." त्याने भिंतीवर पांढऱ्या रंगाचा पट्टा मारून ठेवला होता. ढीग त्या पट्ट्याच्या वर गेला की तो जेवायला बसायचा नाही.

मुकादम निवृत्त झाला, मुलीकडे दूर राहायला गेला. त्याच वर्षी पानगळीच्या दिवसांत एका दुपारी वादळ आलं. अर्ध्या तासात वरच्या डोंगराची एक अख्खी उतरण आडवी झाली. काड्यापेटी सांडावी तशी झाडं पडली होती. सोट निघून गेले आणि उरलेल्या लाकडाचा नुसता पूर लोटला. पहाटेपासून ट्रकांची रांग फाटकाबाहेर लागायची. कुणाच्या फांद्या चिंब ओल्या, कुणाच्या साली सुकून खडखडीत. सगळं यंत्रात जाई आणि सगळं एकाच ढिगावर पडे. पंधरा दिवसांत पांढरा पट्टा दिसेनासा झाला.

नवे साहेब वाईट नव्हते. तरुण होते, रात्रंदिवस राबायचे, कुणाला एकेरी हाक मारायचे नाहीत. ताई त्यांच्याकडे गेली तेव्हा त्यांनी तिला खुर्ची दिली.

"साहेब, पट्टा बुडाला."

"दिसतंय मला. पण ठेवू कुठे? रस्त्यावर? हिवाळा तोंडावर आलाय ताई. लाकूड परत पाठवलं आणि पुढे कमी पडलं तर इस्पितळाला काय सांगू?"

"निदान दाबू नका. भावाला वर चढायला सांगताय तुम्ही."

"दाबलं नाही तर मावत नाही." त्यांनी कपाळ चोळलं. "तुम्ही आहात ना लक्ष ठेवायला. काही वाटलं तर भोंगा वाजवा. अधिकार आहे तुम्हाला."

आणि तिने तो वाजवला. एका गुरुवारी अकराव्या खुणेवर आकडा एकाहत्तर आला. तिने दुसऱ्यांदा सळई घातली, तिसऱ्यांदा घातली, आणि भोंग्याची कळ दाबली. ढलप्या भट्टीत नेणारा सरकता पट्टा थांबला, भट्टी मंदावली, बंब आला. लोडरने ढिगाची ती बाजू दिवसभर उपसली. आतून निघाली वाफ. पांढरी, आंबूस वासाची, निरुपद्रवी वाफ, आणि गडद तपकिरी झालेल्या ढलप्या. आग सोडा, ठिणगीही नाही. तोवर गावातले नळ गार पडले होते. इस्पितळातल्या बाळंतिणींना दोन-दोन पांघरुणं द्यावी लागली. शाळा सोडून दिली. संध्याकाळी दुकानात तिच्या पुढे उभी असलेली बाई मागे वळून म्हणाली, "तुम्हीच ना त्या? माझ्या सासूला तुमच्यामुळे कफ झाला."

भट्टीवर तर चार दिवस दुसरा विषय नव्हता. कुणी चहाच्या कपात तापमापक बुडवून "भोंगा! भोंगा!" ओरडायचं. भावानेही एकदा ती नक्कल केली. दुसऱ्या दिवशी त्याच्या डब्यात भाजी कमी पडली. साहेब मात्र हसले नाहीत. ते एवढंच म्हणाले, "हरकत नाही ताई. पण पुढच्या वेळी आधी मला सांगा. दोघं मिळून ठरवू." म्हणाले ते गोड शब्दांत, पण अधिकार गेला हे तिला कळलं. आणि खरं सांगायचं तर तिला थोडं हायसंही वाटलं. आपल्या एका बोटावर अख्खं गाव गारठतं, हे ओझं तिला पेलवेना झालं होतं.

त्यानंतर ढीग आणखी वाढला. आकडे चढत राहिले. चौसष्ट, सदुसष्ट, सत्तर. ती ते वहीत लिही, वही साहेबांच्या टेबलावर ठेवी, साहेब सही करून परत देत. सकाळी ढिगाच्या माथ्यावरून वाफ उठायची आणि उबेला येऊन कावळे ओळीने बसायचे. आवारातली माणसं म्हणायची, बघा, पाखरांनासुद्धा मजा आहे.

मग एका सोमवारी वाफ उठली नाही.

बाकीच्यांना बरं वाटलं. "उतरला ताप," भाऊ म्हणाला. पण ती खाली उभी राहून नाकाने वास घेत राहिली. इतके दिवस ढिगाला आंबूस, लोणच्याच्या बरणीसारखा वास होता. आज तो नव्हता. त्याऐवजी काहीतरी गोडसर, करपट, पुसट. वारा फिरला की तोही जाई. कावळे आले, माथ्यावर एक घिरटी घातली, आणि न बसताच निघून गेले.

मंगळवारी ती घरी नवऱ्याला म्हणाली, "आत पाणी संपलंय. वाफ व्हायला पाणी लागतं. आता ते सुकं झालंय."

"मग सांग साहेबाला."

"काय सांगू? वास आला म्हणून? वाफ आली तेव्हा बोंबलले, आता वाफ नाही म्हणून बोंबलू?"

नवऱ्याने आपल्या बधिर बोटांकडे पाहिलं. नेहमीसारखा विनोद त्याला सुचला नाही. "उद्या बघ," तो म्हणाला. "उद्या नक्की कळेल."

बुधवारी कडाक्याची थंडी पडली. पहाटे दव गोठलं आणि आवार पांढरंफटक झालं. ट्रकांच्या ताडपत्र्या, तारेचं कुंपण, छपरीची कौलं, सगळं पांढरं. ढीगही पांढरा. फक्त माथ्यावर, जरा पुढच्या बाजूला, एका खोलीएवढा गोल काळा डाग होता. तिथे दव टिकलंच नव्हतं.

ती धावत नवव्या खुणेपाशी गेली. सळई खुपसली. एरवी अंगाचा भार टाकून ढकलावी लागायची; आज अर्धी आत गेल्यावर ती आपोआप सरकली, जणू पलीकडून कुणी ओढून घेतली. मुठीपर्यंत आत. तिने ती झटक्याने मागे घेतली. टोक काळंठिक्कर पडलं होतं आणि तापमापकाची काच तडकली होती.

भोंग्याची कळ तिथून वीस पावलांवर होती. तिने तिकडे पाहिलं. ही गोष्ट पुढे तिने स्वतःच सांगितली म्हणून कळली. तिने कळीकडे पाहिलं आणि तिच्या डोळ्यांसमोर आली ती दुकानातली बाई. पुढच्या वेळी आधी मला सांगा, हे साहेबांचे शब्द आठवले. ती वळली आणि आधी भावाकडे गेली. तो लोडरची काच पुसत होता.

"आज वर चढायचं नाही."

"परत ताई?" तो हसला. "आता कितवा भोंगा?"

"हसू नकोस. आत पोकळ झालंय. मी साहेबांना घेऊन येते, तोवर तू यंत्र सुरू करायचं नाही. शब्द दे."

तिचा चेहरा पाहून त्याचं हसू मावळलं. "बरं बाई, दिला. जा."

साहेब वरच्या मजल्यावर होते. फोनवर होते. ती दारात उभी राहिली, त्यांनी बोटाने दोन मिनिटं अशी खूण केली. ती दोन मिनिटं तिने मोजली. फोन ठेवल्यावर तिने काळी पडलेली सळई सरळ त्यांच्या टेबलावरच्या कागदांवर ठेवली. साहेबांनी टोकाला बोट लावलं, बोटाला काजळी आली, आणि त्यांच्या चेहऱ्याचा रंग उडाला.

"किती खोल?"

"अर्ध्यातच. पुढे काहीच नाही. रिकामं आहे."

त्याच वेळी खाली काय झालं, ते नंतर जुळवून कळलं. भट्टीच्या पट्ट्यावरच्या ढलप्या संपत आल्या होत्या. आतल्या माणसाने बाहेर येऊन आरडाओरडा केला, माल टाका, भट्टी विझायची वेळ आलीये. भावाने खालच्या बाजूने भरायचा प्रयत्न केला, पण खालच्या ढलप्या रात्रीच्या थंडीने दगडासारख्या गोठल्या होत्या. फावडं नुसतं खरवडत होतं. सुटा माल वर होता. वर म्हणजे अगदी वर नाही, कडेकडेने, असं त्याने मनाशी ठरवलं असावं.

साहेबांच्या टेबलाशेजारीही भोंग्याची कळ होती; त्यांनी तिच्याकडे हात लांब केला आणि ताईने खिडकीबाहेर पाहिलं. लोडर ढिगाच्या उतारावर होता, काळ्या डागापासून चांगला दूर. तो थोडा पुढे सरकला. मग त्याचं तोंड खाली झुकलं, एखाद्या जनावराने पाणी प्यायला मान वाकवावी तसं. आणि ढिगाने त्याला हळूच आत घेतलं. मोठा आवाजही झाला नाही. केबिनची मागची काच तेवढी ढलप्यांच्या वर राहिली आणि टपावरचा पिवळा दिवा फिरत राहिला.

जिना ती कशी उतरली, ते तिला आठवत नाही. पण खाली आल्यावर तिचं डोकं लख्ख चाललं. चारपाच माणसं ढिगाकडे धावत होती, ती त्यांच्यावर ओरडली, "पायाने कुणी वर जायचं नाही! सगळे आत जाल!" छपरीतली मोठी शिडी तिने ओढून काढली. साहेब मागोमाग आले होते, त्यांनी दुसरं टोक धरलं. शिडी उतारावर आडवी टाकली, तिच्यावर फळ्या टाकल्या, आणि ताई पोटावर झोपून पुढे सरकू लागली. साहेब मागे फळ्यांवर गुडघे रोवून तिचे घोटे धरून होते.

खालून ऊब येत होती. आधी अंगाला बरी वाटणारी, मग कोपरं भाजणारी. धूर फारसा नव्हता. पण डोकं जड होत होतं आणि कानांत गुणगुण सुरू झाली होती. आतल्या आत जळणाऱ्या लाकडाच्या वायूला वास नसतो, माणूस शांतपणे झोपी जातो, हे मुकादमाने तिला सांगून ठेवलं होतं. केबिनच्या मागच्या काचेपाशी पोचल्यावर तिने आत पाहिलं. भावाचं डोकं छातीवर पडलं होतं.

"ए, वर बघ!" तिने काचेवर मूठ आपटली. "वर बघ म्हणते ना!"

लहानपणी शाळेसाठी उठवताना ती याच आवाजात ओरडायची. त्याने मान उचलली. मागून कुणीतरी सरकवलेल्या पान्याने तिने काच फोडली. त्याला बगलेत धरलं आणि साहेबांनी दोघांना शिडीवरून मागे ओढलं. ती जमिनीवर पोचते न पोचते तोच मागे फस्स असा आवाज झाला. लोडरने पाडलेल्या भगदाडातून ढिगाला हवा मिळाली होती. माथ्यावर पहिली ज्वाळा उठली, स्वच्छ पिवळी, जेमतेम माणसाएवढी. दुपारपर्यंत ती भट्टीच्या धुराड्याएवढी झाली.

ढीग सहा दिवस जळला. सहा दिवस गावात ऊब नव्हती. इस्पितळातले रुग्ण शेजारच्या शहरात हलवले. माणसं ओट्यावर गॅस पेटवून त्याभोवती बसत, आणि आकाश कोळशाच्या दिवसांतल्यासारखं काळं राहिलं. यावेळी दुकानात तिला कुणी काही बोललं नाही. तिच्यासाठी रांगेत जागा सोडत होते, ते तिला जास्त लागलं.

भाऊ वाचला. पावलं भाजली होती ती भरून आली. छातीत गेलेलं मात्र परत निघालं नाही. चार पायऱ्या चढला की त्याला भिंतीला टेकून उभं राहावं लागे. आणि तो बोलायचा थांबला. विचारलं तर उत्तर देई, पण आपणहून शब्द नाही. एकदाच, इस्पितळात ती त्याला भरवत असताना, तो म्हणाला, "ताई, मी शब्द मोडला."

"तू मोडलास," ती म्हणाली. "पण मी तुझ्याकडून शब्द घेत बसले. मी वेगळंच काही करायला हवं होतं."

चौकशी झाली. एका लांब टेबलामागे तीन माणसं बसली होती. तिची वही त्यांनी पानन् पान वाचली आणि आकडे बरोबर होते म्हणून तिचं कौतुक केलं. साहेब उभे राहिले आणि म्हणाले, या बाईंना भोंगा वाजवण्यापासून मीच अडवलं होतं, दोष माझा. त्यांना नंतर काढून टाकलं. टेबलामागच्या एका बाईने चष्मा काढून ताईला विचारलं, "पण त्या सकाळी कळ तुमच्यापासून वीस पावलांवर होती. तुम्ही ती का दाबली नाही?"

सगळ्यांना वाटलं, ती साहेबांच्या सूचनेचं नाव घेईल. ती म्हणाली, "लोक हसतील म्हणून."

लिहून घेणाऱ्याचा हात थांबला. चष्मेवाल्या बाईने विचारलं, "हे असंच लिहायचं?"

"असंच लिहा."

पुढच्या वर्षी भट्टी पुन्हा सुरू झाली. एका मोठ्या ढिगाऐवजी सहा ठेंगणे ढीग, मधून बंब जाईल एवढे रस्ते. जंगलातलं उरलेलं लाकूड पुन्हा गावाला ऊब देऊ लागलं, आणि ते काही वाईट लाकूड नव्हतं. ताई कामावर राहिली. नवऱ्याची बटणं लावून द्यायची, भावाकडे डबा पोचवायचा, मग भट्टी.

वसंतात तिला एक पत्र आलं. दोन तासांवरच्या एका शहरात अशीच नवी भट्टी उभी राहिली होती, आमच्या लोकांना एकदा येऊन काम समजावून सांगा, असं त्यात होतं. ती बसने गेली. तिथला व्यवस्थापक फाटकावर घ्यायला आला होता, गोरटेला, हसतमुख. त्याने तिला आवार दाखवलं. ढीग तीन मजली इमारतीएवढा होता. त्याच्या अंगाखांद्यावर दोन लोडर चढत-उतरत होते, आणि चाकांखाली दाबून दाबून त्याचा माथा रस्त्यासारखा सपाट झाला होता.

"आमच्याकडे अजून काही त्रास नाही," तो म्हणाला. "सुरुवातीला वाफ यायची. आता तीही बंद झाली."

ताईने मान वर करून माथ्याकडे पाहिलं. वारा तिच्या बाजूचा नव्हता, त्यामुळे वास काही कळेना.

"कधीपासून बंद?"

"आठवडा झाला असेल. चला, आधी चहा घेऊ."

"वर किती माणसं चढतात?"

"चौघं. दोन पाळ्यांत."

"आधी ती दोन यंत्रं खाली बोलवा. आत्ता."

तो हसला. त्याच्या सोबत आलेला कारकूनही किंचित हसला. ती तशीच उभी राहिली. अखेर व्यवस्थापकाने खांदे उडवले आणि हात हलवून लोडरवाल्यांना खूण केली. एक वळला आणि उताराकडे निघाला. दुसरा माथ्याच्या पार पलीकडच्या टोकाला होता आणि त्याच्या कानांवर गाणी ऐकायचं यंत्र होतं. त्याने खूण पाहिली नाही. फावडं भरून घेत तो माथ्याच्या मधोमध यायला निघाला, तशी ताई पिशवी तिथेच टाकून, दोन्ही हात वर करून ओरडत ढिगाकडे पळत सुटली.